अस्वलाला चेहरा देताना

भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या करताना मुखवटा बसवण्याचे काम घरातील वडीलधाऱ्या बाईकडे असते. मुखवटा बसवला की ती दोन पावले मागे सरते, मान किंचित कलती करून पाहते, पुन्हा पुढे होऊन तो सूतभर फिरवते आणि मगच समाधानाने म्हणते, "आता बसली." मुखवटा तोच, साडी तीच, पण त्या सूतभर फरकाने देवीची मुद्रा प्रसन्न होते. इंदूरच्या आमच्या घरी हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तरीही हीच गोष्ट एका कापडी अस्वलाच्या बाबतीत आम्ही विसरलो, आणि ती आठवण एका चिमुरडीने करून दिली.

आमच्या मुलाच्या लहानपणीचा एक टेडी घरात आहे. आता तो नातीच्या उशाशी असतो. त्याच्या नाकाचा दोरा उसवून लोंबू लागला होता आणि एक डोळा सैल झाला होता. भरतकामात आपला हात बरा आहे, या भरवशावर आम्ही जुने टाके एका बैठकीत कापून काढले, नवे टपोरे नाक भरले आणि दोन्ही डोळे घट्ट शिवले. काम नेटके झाले होते. नातीने तो हातात घेतला, क्षणभर निरखला आणि परत आमच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजी, हा आपला नाही."

टाक्यांत दोष नव्हता. दोष अंतरांत होता. टेडीच्या चेहऱ्यात मोजून पाच-सात वस्तू असतात: दोन डोळे, दोन कान, एक नाक, तोंडाची एक रेघ. त्यांच्यामधील जागाच त्याचा स्वभाव ठरवतात.

या खेळण्याचा जन्मही सुईशी जडलेला आहे. नोव्हेंबर 1902 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीतील शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला. त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले, आणि ब्रुकलिनमधील दुकानदार मॉरिस मिक्टम व त्यांची पत्नी रोझ यांनी अध्यक्षांच्या लाडक्या नावाने कापडी अस्वल विकायला ठेवले. त्याच सुमारास जर्मनीतील गिंगेन येथे मार्गारेट श्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचा पुतण्या रिचर्ड याने हातपाय हलणारे अस्वल तयार केले. ते 1903 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडले गेले. मार्गारेटबाई बालपणीच्या पोलिओने चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या होत्या. 1880 मध्ये त्यांनी टाचण्या टोचण्यासाठी फेल्टचे छोटे हत्ती शिवले. मुलांनी त्यांचे खेळणे केले आणि त्यातून व्यवसाय उभा राहिला. सुरुवातीच्या या अस्वलांचे डोळे बुटांच्या बटणांचे असत.

ती जुनी अस्वले लांब नाकाची होती. पुढे नाक आखूड आणि कपाळ मोठे होत गेले. रॉबर्ट हाइंड आणि एल. ए. बार्डन या संशोधकांनी जुन्या-नव्या टेडींची मापे घेऊन 1985 मध्ये हा बदल दाखवून दिला. मोठे कपाळ, खाली उतरलेले डोळे आणि गुबरे गाल ही तान्ह्या बाळाची लक्षणे. ती पाहिली की मोठ्या माणसाच्या मनात माया दाटते, हे कोनराड लोरेन्झ यांनी 1943 मध्येच मांडले होते. तेव्हा डोळे खाली आणि जरा दूर बसवले तर अस्वल बाळासारखे दिसते. वर आणि जवळ बसवले तर प्रौढ, प्रसंगी रागीट दिसते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डोके बहुधा तीन तुकड्यांचे असते: दोन बाजू, आणि नाकापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी. फरच्या कापडाला लव असते. ती कोणत्या दिशेने झुकते ते मागच्या बाजूला बाणाने लिहून ठेवावे. बारीक टोकाच्या कात्रीने फक्त पाठीचे कापड कापावे, लव कापू नये. शिवताना लव आत दाबून उलटी टीप घालावी, आणि उलटून झाल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईच्या टोकाने बाहेर काढावेत. एवढ्यानेच शिवण दिसेनाशी होते.

भरण्याची सुरुवात नाकाडापासून, म्हणजे नाकातोंडाच्या पुढे आलेल्या भागापासून करावी. कापूस एकदम कोंबू नये. चिमूट चिमूट घेऊन काडीच्या बोथट टोकाने दाबत जावा. हा भाग लाकडासारखा घट्ट झाला पाहिजे, कारण नाकाचे सगळे टाके त्यावर ताणले जाणार असतात. शेवरीचा कापूस मऊ असला तरी नाकाडात त्याचा दाब कमी पडतो; तिथे जाड धाग्यांची कात्रणे आत घातली तर उपयोग होतो. मग नाकाडावरील लव छाटावी. कात्री आडवी धरून थोडे थोडे कापावे आणि डोळ्यांकडे जाताना लव हळूहळू लांब ठेवावी. कापलेली लव पुन्हा उगवत नाही, हे ध्यानात असावे.

यानंतरचा टप्पा घाईचा नव्हे. काळ्या डोक्याच्या टाचण्या डोळ्यांच्या जागी टोचाव्यात, कानही टाचणीनेच लावावेत, आणि दोन पावले मागे सरून पाहावे. आरशात पाहिले तर तिरपेपणा चटकन कळतो. कान वर बसवले की अस्वल चौकस दिसते, खाली आणले की शांत दिसते. एक संध्याकाळ ते तसेच टाचण्यांवर राहू द्यावे.

जागा नक्की झाली की डोळे शिवावे. गादीवाल्याकडे असते तशी वीतभर लांब सुई घ्यावी आणि मजबूत दुहेरी दोरा मेणावरून ओढून घ्यावा. डोळ्याच्या मागील कडीतून दोरा घालून सुई डोळ्याच्या जागेतून मानेच्या मागे काढावी. दुसऱ्या डोळ्याचेही तसेच करावे. मग दोन्ही दोरे एकत्र ओढावेत. डोळे आत रुततात, त्यांच्या भोवती खोबण पडते आणि गाल आपोआप फुगतात. मनासारखे दिसल्यावर गाठ मारून टोके आत लपवावीत. डोळ्याच्या कोपऱ्यातून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत एखादा दोरा आतून ओढला तर हसण्याची खळीही पडते.

नाकासाठी आधी काळ्या फेल्टचा छोटा त्रिकोण टाचून त्यावर भरीव टाका घालावा. सुरुवात मध्यावरून करून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे जावे, म्हणजे नाक एका बाजूला ओढले जात नाही. नाकाखाली एक सरळ टाका, आणि त्याच्या तळाशी दोन बाजूंना जाणारे दोन टाके, एवढेच तोंड. ते दोन टाके फार उतरते झाले तर अस्वल रुसलेले दिसते.

एक सूचना मात्र कळकळीची. तीन वर्षांच्या आतील मुलासाठी काचेचे डोळे वा बटणे मुळीच लावू नयेत; तुटून घशात अडकण्याचा धोका असतो. अशा बाळासाठी डोळे दोऱ्यानेच भरावेत. आपल्या चिंध्यांच्या ठकीचेही डोळे असेच भरलेले असत.

आमच्या टेडीचे पुढे काय झाले? मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाचा एक फोटो सापडला. त्यात तो मांडीवर बसलेला होता. तो मोठा करून घेतला आणि पट्टीने मोजले. तेव्हा उमगले की मूळ नाक अरुंद होते, आणि डावा डोळा उजव्याहून किंचित खाली होता. ज्याला आम्ही चूक समजून सरळ केले, तोच त्याचा चेहरा होता. टाके पुन्हा काढले. डावा डोळा फोटोतल्याप्रमाणे खाली घेतला, नाक बारीक केले. नातीने या वेळी काही म्हटले नाही. त्याला काखोटीला मारून ती झोपायला गेली.

म्हणून जुने खेळणे दुरुस्त करण्यापूर्वी फोटो काढावा, पातळ कागद चेहऱ्यावर ठेवून डोळे, नाक, तोंड यांच्या खुणा उतरवून घ्याव्यात, आणि मगच कात्री उचलावी. आमचा तो कागद आता शिवणाच्या डब्यात घडी करून ठेवला आहे. नाक पुन्हा झिजेल, तेव्हा सुई कोणाच्याही हाती असो, तिला अस्वलाचा चेहरा शोधत बसावे लागणार नाही.