अर्जातला तो एक रकाना

बारावीचा निकाल लागला. आमच्या राहुरीच्या घरीही पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी मुलीचा नगरच्या कॉलेजचा प्रवेश-अर्ज भरायला बसलो आणि एका रकान्यापाशी माझे पेन अडले : 'विद्यार्थ्यास काही आजार आहे काय?'

मुलीला थॅलेसेमिया आहे. तिच्या शरीरात पुरेसे निकोप रक्त तयार होत नाही. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचे, आणि त्या रक्तामुळे अंगात साचणारे लोह निघून जावे म्हणून रोज गोळ्या घ्यायच्या. एरवी ती चारचौघींसारखीच. रसायनशास्त्रात मात्र चौघींच्या पुढे!

"अहो, 'नाही' लिहा. कळलं तर कोण घेईल तिला?" सौ. म्हणाल्या.

"आई, 'नाही' लिहिलं तर कॉलेज संपेपर्यंत चोरून रक्त घ्यावं लागेल," मुलगी म्हणाली.

मी 'होय' लिहिले, आणि भीती खरी ठरली. खिडकीमागच्या गृहस्थांनी अर्ज वाचून मान वर केली. "काका, हजेरीचं काय? प्रयोगशाळेत चक्कर आली तर जबाबदार कोण? त्यापेक्षा घरी बसून बाहेरून परीक्षा देऊ द्या."

"प्रयोग काय घरच्या परातीत करू?" मुलगी जिन्यावर पुटपुटली. गृहस्थ वाईट नव्हते. पण काळजीपोटीही दार बंद होते, हे त्या दिवशी उमगले.

परतताना एस.टी.त तिकिटामागे हिशेब मांडला. तीन आठवड्यांनी एक दिवस, म्हणजे वर्षाचे सतरा-अठरा दिवस. शिकवण्याचे दिवस १८० धरले, तर ७५ टक्के हजेरीच्या नियमातही ४५ दिवसांची गैरहजेरी बसते. सिनेमापायी याहून जास्त बुडवणारे बहाद्दर आपण पाहिलेले आहेत!

मग कायदा वाचला. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही आहेत. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, वयात पाच वर्षांची सूट मिळते. शिवाय विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

ही अडचण आमच्याच घरची नव्हे. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याला बोलण्यातल्या अपंगत्वाच्या टक्केवारीवरून वैद्यकीय प्रवेशासाठी अपात्र ठरवले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की केवळ आकडा पाहून दार लावता येणार नाही. हा मुलगा शिक्षणक्रम पुरा करू शकेल का, हे तज्ज्ञांनी तपासले पाहिजे. तपासणीत तो योग्य ठरला आणि त्याचा प्रवेश कायम झाला.

सरकारी दाखला आणि हिशेबाचा कागद घेऊन आम्ही थेट प्राचार्यांना भेटलो. मागणे एकच : रक्त घेण्याच्या दिवशी प्रयोग चुकला, तर तो दुसऱ्या तुकडीबरोबर करू द्यावा. प्राचार्यांनी हिशेब दोनदा वाचला, मुलीला चार प्रश्न विचारले आणि अर्जावर सही केली.

आता ती पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत जाते. वाचकहो, तुमच्या घरी असा अर्ज आला, तर त्या रकान्यात खरे तेच लिहा. पण सोबत एक कागद जोडा : मुलाला काय झाले आहे यापेक्षा, त्याला शिकायला काय लागेल, ते सांगणारा.