तापानं रक्त आटत नाही

पावसाळा सरता सरता मुदखेड भागात एखाद्या पोराला हिवताप होतो, तपासणीत हिमोग्लोबिन 8 निघतं आणि घरातलं कुणीतरी ठामपणे सांगतं, "ताप होता, जेवण नव्हतं, म्हणून रक्त आटलं. आता ताप उतरलाय. डाळिंब द्या, टॉनिक आणा." हे ऐकून कान किटले. चार दिवस जेवलं नाही म्हणून 11 वरचं हिमोग्लोबिन 8 वर येत नाही.

हिवतापाचा परजीवी राहतोच तांबड्या पेशीत. तो तिथलं हिमोग्लोबिन खातो, वाढतो आणि साधारण 48 तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. थंडी वाजते ती तेव्हाच. बाहेर पडलेले परजीवी लगेच नव्या पेशींत घुसतात. पण खरं नुकसान पुढेच आहे. ज्या पेशींत परजीवी शिरलाच नाही, त्याही प्लीहा गाळून नष्ट करते, आणि अशा निरोगी पेशी फुटलेल्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यातच अस्थिमज्जेत नव्या पेशी बनणं मंदावतं. शिवाय आजाराच्या दाहामुळे यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त सोडतं, त्यामुळे आतड्यातून लोह नीट शोषलं जात नाही आणि साठ्यातलंही अडकून पडतं. मग परजीवी अंगात असताना पाजलेलं टॉनिक करणार काय?

आणि ताप उतरला म्हणजे हिवताप गेला, असंही नाही! व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतो. त्यासाठीच प्रायमाक्विन 14 दिवस देतात. तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागलं की गोळ्या फडताळात जातात, आणि हिवताप उलटला की दर वेळी रक्त आणखी खाली. मात्र ही गोळी मनानं देऊ नये: वर्षाच्या आतल्या बाळाला ती चालत नाही, आणि जी६पीडी हे विकर कमी असलेल्या मुलात तीच तांबड्या पेशी फोडते. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे.

डास रक्त पितात म्हणून रक्त कमी होतं? एक डास मिलीलिटरचे दोन-तीन हजारांश पितो. बीटानं रक्त वाढतं? बीट लाल असतं, पण लोह त्यात थोडकंच. घाण पाणी पिऊन हिवताप होत नाही, तो डासातून येतो. इथून रेल्वेनं जाता येतं त्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्येच परजीवी डासाच्या पोटात पाहिला होता.

उलट टोकही नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. ती सगळी हिवतापानं नव्हे. राज्यात हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. आपल्याकडे लोह कमी असलेला आहार आणि जंत ही कारणं जास्त भेटतात. म्हणून ताप असेल तर आधी रक्ताची तपासणी.

"हिवतापात लोह घातक" ही भीती मात्र अगदीच निराधार नाही. झांझिबारमधल्या पेंबा बेटावरच्या अभ्यासात (लॅन्सेट, 2006) सरसकट लोह दिलेल्या मुलांत गंभीर आजार वाढले. जागतिक आरोग्य संघटना त्यावरून लोह बंद करा म्हणत नाही. हिवतापाचा प्रतिबंध आणि उपचार यांची सोय ठेवून द्या म्हणते. अंगणवाडीतून, आशाताईंकडून मिळणारं लोहाचं सिरप सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा 1 मिली द्यायचं असतं. तापात ते थांबवायचं, आणि मूल बरं झालं की पुन्हा सुरू करायचं.