नाव जुळले, मांडणीचे काय?

विंडोजवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांना ही अडचण नेहमी भेटते. हवी ती लायब्ररी तयार डीएलएल फाइलच्या रूपात मिळते, पण ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लसने बांधलेली असते आणि मूळ कोड हाताशी नसतो. आपला प्रकल्प मात्र मिनजीडब्ल्यूवर, म्हणजे जीसीसी या मुक्त कंपायलरच्या विंडोज आवृत्तीवर उभा असतो. भाषा तीच, प्रोसेसर तोच, ऑपरेटिंग सिस्टिमही तीच. तरीही सगळे तुकडे जोडणारा लिंकर साफ सांगतो, की असे फंक्शन सापडत नाही.

फंक्शन असते, पण वेगळ्या नावाने. सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शने चालतात. ती ओळखू यावीत म्हणून कंपायलर प्रत्येक नावात पॅरामीटरचे प्रकार गुंफतो. दोन पूर्णांकांची बेरीज करणारे ‘ॲड’ जीसीसीकडे ‘अंडरस्कोर, झेड, ३, ॲड, आय, आय’ असे होते. ३ ही नावातल्या अक्षरांची संख्या आणि दोन ‘आय’ म्हणजे दोन पूर्णांक. मायक्रोसॉफ्टकडे तेच नाव प्रश्नचिन्हाने सुरू होते आणि त्यात ‘एच’ तीनदा येतो: एकदा उत्तरासाठी, दोनदा पॅरामीटरसाठी.

या वेगळेपणामागे विचार आहे. मार्गारेट एलिस आणि ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांच्या १९९० सालच्या संदर्भग्रंथाने कंपायलर लिहिणाऱ्यांना तसे उत्तेजनच दिले होते. आतली रचना वेगळी असेल तर नावेही वेगळी ठेवावीत, म्हणजे न जुळणारे तुकडे जोडतानाच अडतील. लिंकरचा नकार ही अशी राखण आहे.

घाईच्या वेळी मात्र ही राखणच उठवली जाते. लायब्ररी देणाऱ्याकडून फंक्शनआधी ‘एक्स्टर्न सी’ लिहून घेतले आणि आपणही तसेच लिहिले, की नावातली गुंफण जाते आणि दोन्हीकडे साधे ‘ॲड’ उरते. लिंकर गप्प होतो, प्रोग्राम बांधला जातो. पण नाव एक केल्याने आतली मांडणी एक होत नाही.

‘पुणे’ हा शब्द घेऊन पाहू. प, उकार, ण आणि एकार ही चार चिन्हे यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३, म्हणजे एकूण १२ बाइट घेतात. ६४ बिटच्या विंडोजवर आजच्या जीसीसीची ‘स्ट्रिंग’ ३२ बाइटची असते आणि मायक्रोसॉफ्टच्या रिलीज बांधणीतलीही ३२ बाइटचीच. आकार सारखा, म्हणून फसायला अधिक वाव. मायक्रोसॉफ्टच्या मांडणीत छोटा मजकूर पहिल्या १६ बाइटमध्ये जसाच्या तसा बसतो. लांबी आणि क्षमता त्यानंतर येतात. जीसीसी पहिल्या ८ बाइटमध्ये मजकुराचा मेमरीतला पत्ता ठेवतो, पुढच्या ८ मध्ये लांबी, आणि छोटा मजकूर शेवटच्या १६ मध्ये.

आता मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीने भरलेले ‘पुणे’ जीसीसीने बांधलेला कोड वाचू लागतो. ‘प’, उकार आणि ‘ण’च्या तीनपैकी दोन बाइट, एवढ्यालाच तो पत्ता समजतो. उरलेला भाग लांबी म्हणून वाचला, तर बारा बाइटच्या शब्दाची लांबी भरते २२७ कोटींहून अधिक! त्या पत्त्यावर जायला बघताच प्रोग्राम कोसळतो.

कोसळला तर निदान कळते तरी. गुपचूप होणारी चूक त्याहून वाईट. ‘लाँग डबल’ ही संख्या मायक्रोसॉफ्टकडे ८ बाइटची असते, तर मिनजीडब्ल्यूत ८० बिटांची संख्या १६ बाइटच्या जागेत ठेवलेली असते. ती एखाद्या स्ट्रक्चरच्या मध्ये आली, तर पुढची प्रत्येक नोंद सरकते आणि हिशेब चुकत राहतो. मेमरीचेही तसेच. प्रत्येक कंपायलरचे रनटाइम आपली मेमरी आपल्या खात्यातून देते. लायब्ररीने घेतलेली मेमरी आपल्या प्रोग्रामने मोकळी करणे म्हणजे एका बँकेचे कर्ज दुसऱ्या बँकेत फेडणे. गोंधळ उघड होतो तो भलत्याच जागी, कधी कधी तासाभराने.

फंक्शनची नावे, पॅरामीटर पाठवण्याची रीत, डेटाची मांडणी, अपवादांची हाताळणी, या सगळ्या नियमांच्या संचाला ॲप्लिकेशन बायनरी इंटरफेस, थोडक्यात एबीआय म्हणतात. सी प्लस प्लसचे मानक एबीआय ठरवून देत नाही. तो कंपायलरवाल्यांच्या आपसातल्या कराराचा विषय आहे. इंटेलच्या इटेनियम प्रोसेसरसाठी अनेक कंपन्यांनी मिळून असा करार लिहिला. तो प्रोसेसर बाजारातून गेला, पण करार टिकला. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग एकमेकांच्या लायब्ररी वापरू शकतात, ते त्याच्याच जोरावर. मायक्रोसॉफ्टनेही व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत बायनरी सुसंगतता राखली आहे.

करार बदलावा लागला, तर तो कसा बदलावा, हे जीसीसीने २०१५ मध्ये दाखवले. भाषेच्या नव्या मानकाप्रमाणे स्ट्रिंगची मांडणी बदलणे भाग होते. पाचव्या आवृत्तीत ती बदलली, पण नव्या स्ट्रिंगच्या आतल्या नावात ‘सीएक्सएक्स ११’ ही खूण घातली. जुनी आणि नवी बांधणी एकत्र आली की बहुतेक वेळा लिंकर तिथेच थांबवू लागला. ओरड झाली, पण लोकांचा डेटा वाचला.

दोन कंपायलरांमध्ये लायब्ररी वापरायचीच असेल, तर त्यांच्यामधली सीमा अरुंद ठेवावी. एसक्यूलाइट हा डेटाबेस सी भाषेत लिहिलेला आहे आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये असतो. तो उघडला की बाहेर फक्त एक हँडल मिळते. आतली रचना दिसतच नाही. चूक झाली तर अपवाद फेकला जात नाही, पूर्णांकात संकेत परत येतो. त्याने दिलेली मेमरी त्याच्याच फंक्शनने मोकळी करायची असते. ‘एक्स्टर्न सी’चा खरा उपयोग अशा सीमेवर आहे. तिथून ठरावीक रुंदीचे पूर्णांक, साधे पॉइंटर आणि हँडल एवढेच जावे. स्ट्रिंग, व्हेक्टर आणि अपवाद आपापल्या बाजूलाच राहावेत.

लायब्ररी देणाऱ्यानेही कोणता कंपायलर, कोणती आवृत्ती आणि कोणते रनटाइम वापरले, ते सोबत लिहून द्यावे. ते लिहिलेले नसेल आणि लिंकरने नकार दिला, तर नाव बदलून त्याला गप्प बसवण्याआधी तो का अडला, हे शोधावे. त्या शोधात गेलेला वेळ वाया जात नाही.