मोहल्ल्यातील संज्ञानसूक्त

ऋग्वेदाची सांगता संज्ञानसूक्ताने होते. सर्वांनी एकत्र यावे, मने एक व्हावीत, ही त्यातील प्रार्थना. ती गल्लीबोळांत कशी उतरते, हे भिवंडीने दाखविले आहे.

यंत्रमागांच्या या नगरात १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली. १९८४ साली पुन्हा रक्त सांडले. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापिल्या. हिंदू व मुसलमान सामान्य रहिवाशांनी पोलिसांसमवेत बसावे आणि वस्तीतील तंटे लहान असतानाच मिटवावे, असा त्यांचा परिपाठ होता. परस्परांची ओळख झाली की अफवेला आधार उरत नाही. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता शेजारची भिवंडी शांत राहिली.

त्या वणव्यानंतर सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे यांच्या प्रयत्नांनी मुंबईतही अशा समित्या उभ्या राहिल्या. वस्त्यांतील तरुण पोलिसांबरोबर क्रिकेटचे सामने खेळू लागले. ज्याच्या हाती दगड येण्याचे भय, त्याच्या हाती चेंडू आला.

गणेशोत्सवात मांडव घालणारा, वर्गणी जमविणारा तरुण अनंतचतुर्दशीनंतर कोठे असतो, हे प्रत्येक मंडळाने स्वतःस विचारावे. मांडव उतरला तरी त्याच्यासाठी अभ्यासिका उघडी राहावी, हातास कसब मिळावे, शेजारच्या मोहल्ल्याशी बोलणे चालू राहावे. गणपती हा गणांचा अधिपती. गण विखुरले तर पूजा कोणाची?