घोड्याचा नाल: पैसा कुठे जातो आणि कुठे वाचवता येतो

पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात घाटातल्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि मे 2023 च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. तेव्हापासून अनेक शेतकऱ्यांच्या दावणीला पुन्हा घोडी दिसू लागली आहे. याशिवाय वरातीचे घोडे, माथेरानसारख्या ठिकाणचे प्रवासी आणि सामान वाहणारे घोडे, धनगर बांधवांची वाड्याबरोबर फिरणारी तट्टे आहेतच. या सर्व मालकांची एक तक्रार सारखी असते: खुराकाचा हिशोब लागतो, पण नालबंदाचा लागत नाही. प्रत्येक वेळी वेगळा दर, आणि बोलावल्यावर माणूस येईलच याची खात्री नाही.

दर गावागणिक बदलतात, म्हणून या लेखात दरपत्रक दिलेले नाही. खाली जिथे रुपये आले आहेत ते हिशोब समजावण्यासाठी धरलेले आकडे आहेत. त्यांच्या जागी आपल्या भागातले आकडे घालून पाहावे.

नाल झिजण्याची वाट पाहू नये

बहुतेक मालक नालाचे लोखंड पाहून निर्णय घेतात. "अजून जाड आहे, महिनाभर चालेल." इथेच हिशोब चुकतो. घोड्याचा खूर आपल्या नखासारखा सतत वाढतो, महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर. मोकळ्या रानात अनवाणी फिरणाऱ्या घोड्याचा खूर जेवढा वाढतो, साधारण तेवढाच जमिनीवर घासून जातो. नाल ठोकला की ही झीज थांबते, पण वाढ थांबत नाही. सहा आठवड्यांत खूर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास लांब झालेला असतो. ही वाढ मुख्यतः पुढच्या बाजूला, म्हणजे बोटाकडे दिसते. त्यामुळे खुराचा उतार पडतो, पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो आणि घोडा ठेचकाळू लागतो. खुराबरोबर नालही पुढे सरकतो. नालाची मागची टोके टाचेच्या आत येऊन तळव्यावर दाब देऊ लागतात. लोखंड शाबूत असते, पण पाय बिघडत असतो.

म्हणून नालबंदाला बोलावण्याचा दिवस खुराच्या वाढीवरून ठरवावा. सर्वसाधारणपणे 6 ते 8 आठवडे हे अंतर योग्य. कामाच्या घोड्याला सहा धरावेत, रानात चरणाऱ्याला आठ चालतात. हिवाळ्यात वाढ थोडी मंदावते. गोठ्याच्या भिंतीवर तारीख लिहून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता हिशोब. समजा चारही पायांना नवे नाल मारण्याचा खर्च 1,000 रुपये आहे. दर सहा आठवड्यांनी केल्यास वर्षाला सुमारे 8,700 रुपये होतात, आठ आठवड्यांनी 6,500 आणि दहा आठवडे ओढल्यास 5,200. म्हणजे सहाचे दहा केल्याने वर्षाला साडेतीन हजार वाचतात. वरातीचा घोडा दिवसाला 1,500 रुपये कमावत असेल, तर ही सगळी बचत अडीच दिवसांच्या कमाईइतकी आहे. तळव्यात पू धरलेला घोडा अडीच दिवसांत उभा राहत नाही. दोन-तीन आठवडे जातात, डॉक्टर आणि औषध वेगळे. लग्नसराईत हे झाले तर वर्षभराची बचत एका आठवड्यात गेली.

बिलात नेमके काय असते

नालबंद एकच आकडा सांगतो, पण त्यात चार गोष्टी असतात: लोखंड आणि खिळे, खूर छाटण्याची मजुरी, नाल बसवण्याची मजुरी आणि येण्या-जाण्याचा खर्च. घासाघीस करण्यापेक्षा या चारपैकी आपल्या घोड्याला काय लागते ते पाहावे.

लोखंडापासून सुरुवात करू. नाल पुरेसा जाड असेल तर खूर छाटून तोच नाल पुन्हा बसवता येतो. फक्त खिळे नवे लागतात. "नाल जाड आहे" हे निरीक्षण इथे उपयोगी पडते: नालबंदाला लांबवण्यासाठी नाही, तर नवे लोखंड न घेण्यासाठी. मऊ मातीत काम असेल तर एक नाल दोनदा बसतो, डांबर आणि सिमेंटच्या रस्त्यावर क्वचितच.

दुसरी बाब, चारही पायांना नाल हवाच का? घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. रानात, मातीच्या वाटेवर हलके काम करणाऱ्या घोड्याला फक्त पुढे नाल मारून मागचे खूर छाटून ठेवणे पुरते. खूर टणक असलेल्या आणि मातीतच फिरणाऱ्या तट्टाला नाल न मारता नुसती छाटणीही चालते. मात्र रस्त्यावर धावणाऱ्या किंवा दगडी चढ-उतारावर ओझे वाहणाऱ्या घोड्याच्या बाबतीत हा प्रयोग करू नये. आणि नाल नाही म्हणून नालबंदच नको, असे तर अजिबात नाही. छाटणीचे अंतर तेच राहते.

तिसरी बाब प्रवासाची, आणि सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. नालबंद तीस-चाळीस किलोमीटरवरून एका घोड्यासाठी आला आणि त्याने येण्याचे 600 रुपये धरले, तर ते सगळे एकट्यावर पडतात. वाडी-वस्तीवरचे चार घोडे एकाच दिवशी घेतले तर प्रत्येकी 150. शिवाय ठरलेल्या तारखेचे काम मिळते म्हटल्यावर नालबंदही टाळाटाळ करत नाही. हंगाम नसतानाही त्याला काम देणारा गट असेल, तर हंगामात तो आधी त्यांच्याकडे येतो. हा माणसाचा स्वभाव आहे.

बैलांचे वेगळे

ज्यांच्याकडे घोडा नाही पण ऊस वाहतुकीची जोडी आहे त्यांनाही हा विषय परका नाही. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ आणि जोडीला सोळा. घोड्याचा पाय उचलून काम होते. बैल मात्र बहुधा दोर लावून पाडावा लागतो, त्यासाठी माणसे लागतात आणि मजुरी वाढते. पाडताना जागा मऊ असावी, बैलाचे पोट भरलेले नसावे आणि त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ आडवे ठेवू नये. पोटफुगीचा धोका असतो. गाळप हंगामात डांबरी रस्त्यावर पत्री लवकर झिजते. बैलाच्या बाबतीत झिजलेली किंवा सैल पत्री हीच खूण धरावी.

स्वस्त आणि महाग यांतला फरक कसा ओळखावा

प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली 1965 मध्ये नालबंदांना परवाना देण्याबाबत स्वतंत्र नियम झाले आहेत. प्रत्यक्षात गावोगाव फिरणाऱ्या नालबंदाकडे परवाना विचारला तर तो हसेल. बहुतेकांनी हे काम बापाच्या हाताखाली शिकून घेतलेले असते, आणि त्यांतले कित्येक उत्तम कारागीर आहेत. त्यामुळे कागदापेक्षा काम पाहावे.

खुराची बाहेरची भिंत आणि तळवा यांच्यामध्ये एक फिकट पांढरी रेषा दिसते. खिळा या रेषेच्या बाहेर, भिंतीतच गेला पाहिजे. आत गेला तर जिवंत भागाला लागतो. बाहेर निघालेली खिळ्यांची टोके भिंतीच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर आणि एका ओळीत असावीत. फार खाली असतील तर नाल लवकर सुटतो. टाचेच्या बाजूला खिळे नसावेत, कारण पाय टेकताना खूर तिथे किंचित पसरतो. नालाची मागची टोके टाचेला पूर्ण आधार देणारी हवीत. नाल खुराच्या आकाराचा केला आहे, की तयार नाल ठोकून उरलेला खूर कानशीने घासून टाकला आहे, हे नक्की पाहावे. दुसरा प्रकार स्वस्त असतो, कारण त्यात वेळ वाचतो. पण भिंत पातळ होत जाते आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर खिळा धरायला जागाच राहत नाही. अशा स्वस्त नालबंदानंतर चांगला कारागीर आणला तरी त्याला लगेच काही करता येत नाही. नवी भिंत वरून खाली यायला 9 ते 12 महिने लागतात.

नाल मारल्यावर घोड्याला मोकळ्या जागेत चालवून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. त्याच दिवशी किंवा पुढच्या दोन-तीन दिवसांत लंगडू लागला, खूर गरम लागला, तर खिळा लागला असे समजून नालबंदाला परत बोलवावे आणि तो खिळा काढून घ्यावा. जखम असल्यास पशुवैद्यकाला दाखवावे. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, त्यामुळे लस आधीच दिलेली असावी. खिळ्याची जखम दिसायला बारीक असते आणि म्हणूनच फसवते.

खुराकाचा भाग

मी कृषी शाखेचा, त्यामुळे दाण्या-वैरणीबद्दल थोडे बोलतोच. खूर ठिसूळ असेल तर खिळे टिकत नाहीत, नाल वारंवार पडतो आणि खर्च वाढतो. अनेक ठिकाणी घोड्याला मुख्यतः गव्हाचा कोंडा देतात. त्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी असते. कोंडा कमी करून चांगली वैरण, थोडे लसूणघास आणि खनिज मिश्रण द्यावे. बायोटिनचा उपयोग होतो, पण तो रोज, सहा महिन्यांहून अधिक काळ द्यावा लागतो. महिनाभर देऊन फरक शोधू नये. खुराला जळके ऑईल चोपडण्याची पद्धत बंद करावी. पावसाळ्यात जागा कोरडी ठेवणे आणि तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागातली घाण रोज उकरून काढणे याला पैसा लागत नाही. तिथून काळा, दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला तर तो भाग कुजत आहे असे समजून उपचार सुरू करावेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक सूचना: लसीकरण शिबिराची तारीख ठरवताना त्याच दिवशी नालबंदालाही बोलवावे. जनावरे एका जागी आलेली असतात, पशुवैद्यक हजर असतो आणि प्रवासखर्च वाटला जातो. पुढची तारीख तिथेच, सहा आठवड्यांनंतरची, सर्वांच्या समोर लिहून घ्यावी.