दोन मिनिटांचं विमान: समज आणि वस्तुस्थिती

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरच्या विमानतळांमधलं हवाई अंतर जेमतेम 2.7 किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीसुद्धा याहून लांब आहे! लोगनएअर कंपनी 1967 पासून इथे नियमित विमान चालवते आणि जगातली सर्वांत कमी अंतराची नियमित विमानफेरी म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे.

या फेरीबद्दलचा पहिला गैरसमज गणिताचा. अंतराला वेगाने भागलं की वेळ मिळाला, असं आपण धरून चालतो. जेट विमानाचा ताशी 850 किलोमीटरचा वेग घेतला तर उत्तर येतं साडेअकरा सेकंद. उलट, इंटरनेटवरची काही साधनं उड्डाण आणि उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवतात, म्हणजे हाच प्रवास अर्ध्या तासावर जातो. दोन्ही उत्तरं निकामी. इथे जेट येतच नाही. येतं ते ब्रिटन-नॉर्मन आयलंडर: दोन पंख्यांचं, सात-आठ उतारूंचं, ताशी 240 किलोमीटरच्या आसपास जाणारं विमान. वेळापत्रकात या टप्प्याला दोन मिनिटं दिलेली असतात. विक्रम 53 सेकंदांचा आहे.

एवढा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं उडतं आणि उतरतंही वाऱ्याला सामोरं. वारा आडवा किंवा मागून असेल तर वळसा घ्यावा लागतो. मुंबई-दिल्लीच्या प्रवासात असला वळसा कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र तो मूळ अंतराएवढा होऊ शकतो.

‘ही सगळी पर्यटकांची हौस’ हा दुसरा समज. हौशी लोक येतात, हे खरंच. पण पापा वेस्ट्रेवर शंभराच्या आतच माणसं राहतात आणि शिक्षक, डॉक्टर, रुग्ण, विद्यार्थी याच विमानाने ये-जा करतात. म्हणूनच सरकारी पैशाचा टेकू देऊन ही सेवा चालवली जाते, आणि ते योग्यच आहे. मधे पूल बांधा म्हणणाऱ्यांनी या लोकसंख्येशी खर्चाचा मेळ घालून दाखवावा. बोट आहे, पण ती वीसेक मिनिटं घेते आणि हिवाळ्यात तिथला समुद्र भलताच खवळतो.

सर्वांत महागात पडणारा समज शेवटचा: उड्डाण दोन मिनिटांचं, म्हणजे प्रवासही दोन मिनिटांचा. विमान मुळात ऑर्कनीतल्याच कर्कवॉलहून निघतं, दिवसाच्या फेऱ्या मोजक्या, जागा त्याहून मोजक्या. धुकं उतरलं की तेवढ्याही रद्द होतात. आडवाटेच्या विमानतळांवर अंतराचा आकडा सर्वांत कमी कामाचा असतो. तेव्हा जायचा बेत असेल तर आधी कर्कवॉलचं वेळापत्रक बघा, जागा राखून ठेवा आणि परतीसाठी एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा.