दुसऱ्या वाटेचे मोल

शहापूरहून मुरबाडास जावयाचे तर किन्हवली-सरळगाववरून वाट आहे. पावसाळ्यात ती कोठे अडली, तर आसनगावास गाडी धरून कल्याण गाठावे आणि तेथून एस. टी.ने मुरबाडास जावे. वेळ मोडतो, पण माणूस पोहोचतो. ज्या पाड्याला दुसरी वाटच नाही, तेथे दूध, टपाल आणि आजारी माणूस, तिघेही अडकून पडतात. आज आम्ही ज्या यंत्राविषयी सांगणार आहोत, त्याच्या पोटातही हाच प्रश्न उभा असतो.

समांतर संगणकात एकच मोठे गणित अनेक गणकांना वाटून दिलेले असते. एकाचे उत्तर दुसऱ्यास कळले नाही, की सारेच खोळंबतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, त्यातील प्रत्येक ट्रान्सप्यूटरला इतरांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. गणक हजारांवर गेले, म्हणजे प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत तार ओढणे परवडत नाही. मग मध्ये स्विचांचे टप्पे घालतात.

१९७५ साली लॉरी यांनी मांडलेले ओमेगा जाळे पाहा. आठ गणकांसाठी तीन टप्पे, टप्प्यास चार स्विच, एकूण १२. प्रत्येक स्विचापाशी दोन फाटे. तीन फाट्यांत हवे ते घर सापडते. मांडणी सुबक खरी, पण दोन घरांमध्ये वाट एकच! एक स्विच निकामी झाला, की कित्येकांचे बोलणे बंद.

१९८२ साली अ‍ॅडम्स आणि सीगल यांनी अशाच जाळ्यास एक जादा टप्पा जोडला. स्विच १६ झाले आणि वाटा दोन. मधल्या टप्प्यांत या वाटांचा एकही स्विच सामाईक नाही. टोकांचे स्विच मात्र सामाईक. म्हणून त्यांना वगळून जाण्याची सोय ठेवावी लागली. दोन रस्ते एकाच पुलावरून जात असतील, तर पूल खचल्यावर ते दोन कसले?

खर्चाचे म्हणाल, तर आठ गणकांस एकतृतीयांश स्विच अधिक लागतात; १०२४ गणकांस दहाऐवजी अकरा टप्पे, म्हणजे वाढ एकदशांशच. जाळे जितके मोठे, तितका बिघाडाचा संभव जास्त; पण तितकाच हा विमाही स्वस्त.

मात्र खात्री एकाच बिघाडाची आहे. दोन्ही वाटांवर एकदम दरड कोसळली, तर हे जाळेही हात टेकते. दुसरी वाट ही पहिली दुरुस्त करण्यासाठी मिळालेली सवड आहे. ती विसरण्याची मुभा नव्हे.